खाकर

आमच्याकडे खाकरायचे ते पुरुष.
सासरे दारात वहाणा काढता काढता खाकरले
की आत पदर सावरले जात,
बोलणं अर्ध्यावर टाकून बायका उठत.
बायकांच्या घशाला तो मान नव्हता.
मला तो मिळाला अठ्ठावन्नाव्या वर्षी,
हॅलिफॅक्समध्ये,
आणि मग काही केल्या परत घेईना कोणी.

ख्खं. बसमध्ये.
ख्खं. टॉफीच्या कारखान्यात, पट्ट्याच्या खडखडाटावरून.
ख्खं. पोस्टाच्या रांगेत, जिथे पुढचा माणूस
अर्धं पाऊल सरकून 'सॉरी' म्हणाला, उलट मलाच.
घशाच्या तळाशी साबुदाण्याचा एक दाणा,
न गिळवे, न थुंकवे.

सिंधू फोनवर म्हणाली, अक्का, हा कफ नव्हेच,
तू गिळलेले आवंढे आहेत ते, तीस वर्षांचे.
क्षणभर बरं वाटलं.
दुखण्याला एवढी प्रतिष्ठा कोण देतं?
हळद झाली. अडुळसा झाला, कुणाच्या तरी बॅगेतून आलेला.
बाजारात पॉन्टिफ्रॅक्टच्या काळ्या चकत्या मिळतात,
चघळल्यावर कळलं, हा तर आपला ज्येष्ठमध,
ओव्हरकोट घालून बसलेला.
(तुमचं ब्लडप्रेशर बघता हे बंद, डॉक्टर नंतर ओरडली.)

हॉस्पिटलात नाकातून कॅमेरा सोडला.
पडद्यावर माझा घसा, लाल, ओला,
आणि दोन पांढऱ्या पट्ट्या, दाराच्या फळ्यांसारख्या
उघडत, मिटत.
तीस वर्षांचं काहीच नव्हतं तिथे.
तो रोगही नव्हता, ज्याला मी कुणाला न सांगता
तीन महिने उशाशी घेऊन झोपत होते.

फियॉन नावाची पोरगी, घसा आणि आवाज बघणारी,
म्हणाली, शिफ्ट कितीला सुटते?
दहाला.
जेवण?
घरी पोचले की. साडेदहा.
आणि झोप?
मी गप्प.
मग ती म्हणाली, पोटातलं आम्ल रात्री वर चढतं,
छातीत न जळता, चोरपावलांनी,
आणि घसा बिचारा अंगावर पांघरूण ओढतो, चिकट.
तुम्ही ते खाकरून फाडता.
तो दुसरं विणतो.
फाडाल तितकं विणेल.

म्हणजे राखणदारालाच चोर समजून
मी दोन वर्षं बडवत होते.

आता जेवण कारखान्यातच, सहाच्या सुट्टीत, डब्यातली भाकरी.
पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा.
खाकर आली की घोटभर पाणी,
हनुवटी खाली, गिळ.
घोट, हनुवटी, गिळ.
पहिला आठवडा नुसता छळ. चोरून दोनदा खाकरले,
एकदा नळ सोडून, जणू फियॉन बाहेर उभी आहे.
सहाव्या आठवड्यात, कपडे वाळत घालताना ध्यानात आलं,
आपल्याला घसा आहे
हे सकाळपासून आठवलंच नव्हतं.

त्याच गुरुवारी रात्री दारावर थाप.
शेजारची डोरीन, चौऱ्याऐंशीची,
गाऊनवर रेनकोट, पायात वेगवेगळे जोडे.
चार रात्री तुझा आवाज नाही, म्हणाली.
मला वाटलं, गेलीस तू.

आमच्या मधली भिंत एका विटेची.
माझी खाकर ऐकली की ती टीव्ही बंद करायची,
अकरा वर्षं ती एकटी, आणि भिंतीपलीकडे
कुणीतरी घरी पोचलेलं.
आणि मी मेली दोन वर्षं
उशीत तोंड खुपसून खाकरत होते, तिला त्रास नको म्हणून.

चहा केला. तिचं बिस्कीट तुटून कपात बुडालं,
दोघींनी चमच्यानं शोधलं.

हल्ली दहा चाळीसला
पाण्याचा घोट घेते, हनुवटी खाली, गिळते,
आणि रिकामा पेला भिंतीवर वाजवते. दोनदा.
पलीकडून काठी, एकदा.
मग टीव्ही बंद होतो.